मध्यकर्णाची शस्त्रक्रिया

कानाचा पडदा, त्यामागची तीन चिमुकली हाडे आणि कानामागच्या मॅस्टॉइड हाडातल्या हवेच्या पोकळ्या यांतला रोग काढणे आणि आवाज आत पोचवणारी साखळी पुन्हा जुळवणे, यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा गट. त्यांपैकी पडदा व हाडे दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात. रुग्णांच्या तोंडी मात्र ‘पडद्याचं ऑपरेशन’.

बहुतेक रुग्णांची तक्रार एकच असते : लहानपणापासून कान फुटतो. सर्दी झाली की वाहतो, डोक्यावरून अंघोळ केली की वाहतो, मग महिनाभर कोरडा. थप्पड बसून किंवा काडी लागून नुकताच फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तो कोरडा ठेवावा आणि त्यात कोमट तेल मुळीच ओतू नये, एवढेच पथ्य. जुन्या भोकाचे तसे नसते. त्याच्या कडेवर त्वचा चढून ती कड ‘बरी’ झालेली असते, त्यामुळे शरीराच्या लेखी तिथे भरून काढण्याजोगी जखम उरतच नाही.

भोकामुळे ऐकू कमी का येते? कंप पावणारा पडदा सुमारे 55 चौरस मिलिमीटरचा, तर आतल्या कानाच्या खिडकीवर बसलेल्या रिकीब या हाडाचा तळवा जेमतेम 3 चौरस मिलिमीटरचा. मोठ्या क्षेत्रावरचा दाब एवढ्याशा जागी एकवटतो, त्यात हातोडी आणि ऐरण या हाडांच्या तरफेची भर पडते, आणि आतल्या द्रवापर्यंत दाब सुमारे 22 पट होऊन जातो. पडदा फाटला की हे गणित कोलमडते. हाडांत सर्वांत आधी झिजते ते ऐरणीचे लांब टोक, कारण त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो.

कानाच्या शस्त्रक्रियेचा भारतातला जुना दाखला आतला नसून बाहेरचा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेली पाळी जोडण्याच्या 15 पद्धती दिल्या आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचे मांस मुळाशी जोडलेले, जिवंत ठेवून ती घडवावी, असेही तिथे सांगितले आहे. जड कुड्यांनी ओघळलेल्या पाळ्या आजही शिवाव्या लागतातच.

मध्यकर्णाकडे शल्यक्रिया वळली ती पू बाहेर काढण्यासाठी, आणि फार अडखळत. 1791 साली डेन्मार्कचे राजवैद्य फोन बर्गर यांनी बहिरेपणावर उपाय म्हणून मॅस्टॉइड उघडून घेतले आणि त्यातच ते दगावले. त्या धसक्याने ही शस्त्रक्रिया बराच काळ मागे पडली. 1873 मध्ये जर्मनीत श्वार्ट्से यांनी तिची शिस्तशीर पद्धत घालून दिली. पुढच्या पिढीने सगळी पोकळी मोकळी करणारी मूलगामी शस्त्रक्रिया आणली. जीव वाचला, कान कोरडा झाला; ऐकणे मात्र त्या व्यवहारात सोडून द्यावे लागे.

चित्र पालटले ते प्रतिजैविके आणि सूक्ष्मदर्शक यांच्या जोडीने. 1921 मध्ये स्वीडनच्या नीलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला. 1950 नंतरच्या काही वर्षांत वुल्श्टाइन आणि त्सॉलनर या जर्मन शल्यविशारदांनी टिंपॅनोप्लास्टीचा पाया घातला. त्यांनी लावलेली त्वचेची ठिगळे मात्र नीट टिकत नसत. कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण वापरात आले तेव्हा हा प्रश्न बराचसा सुटला.

ते आवरण कानाच्या वरच, त्याच छेदातून मिळते. शल्यविशारद ते काचपट्टीवर पसरतो, चिकटलेले मांस खरवडतो आणि वाळू देतो. वाळले की ते पतंगाच्या कागदासारखे होते आणि हवे तसे कापता येते. मग भोकाची जुनी कड सोलून पुन्हा ‘कच्ची’ केली जाते. ही पायरी हलगर्जीने झाली तर ठिगळ धरत नाही. कानाच्या नळीची त्वचा पडद्यासकट उचलून ठिगळ खालून सरकवतात, त्याला विरघळणाऱ्या स्पंजाचा टेकू देतात आणि पडदा जागच्या जागी परततात. हाड झिजले असेल तर उरलेली ऐरण कोरून किंवा टायटॅनियमचा खांब बसवून साखळी सांधतात. रिकीबच जखडले असेल (ऑटोस्क्लेरोसिस) तर उपाय वेगळा : 1956 मध्ये अमेरिकेत जॉन शी यांनी ते काढून कृत्रिम रिकीब बसवले. ही शस्त्रक्रिया पुष्कळदा फक्त जागा बधिर करून करतात, आणि ‘आता ऐकू येतंय का?’ हे टेबलावरच विचारता येते.

सगळे फुटके कान सारखे नसतात. पडद्याच्या मध्यभागी भोक आणि पाण्यासारखा वा शेंबडासारखा स्राव असेल तर सहसा घाई नसते. कडेचे भोक, थोडाच पण घाण वासाचा पू असेल तर कोलेस्टिॲटोमाची शंका घ्यावी. नाव ट्यूमरसारखे असले तरी ही गाठ कर्करोगाची नव्हे. आत शिरलेली त्वचा पापुद्रे टाकत राहते आणि भोवतालचे हाड खाते. चेहऱ्याची नस, तोल सांभाळणाऱ्या नळ्या आणि मेंदूची आवरणे तिथून अगदी जवळ आहेत. दुखत नाही म्हणून अशा कानाची वर्षानुवर्षे हेळसांड होते, ही यातली खरी अडचण. अशा वेळी मॅस्टॉइड ड्रिलने उघडून रोग मुळासकट काढणे हे पहिले काम. ऐकण्याचा विचार त्यानंतर. कानाच्या बाहेरच्या नळीची मॅस्टॉइडकडची भिंत राखली असेल तर लपून राहिलेला रोग शोधायला वर्षभरात बहुधा पुन्हा कान उघडावा लागतो. भिंत पाडली असेल तर कानात कायमची खोबण उरते. तिच्यात साठणारा मळ रुग्ण स्वतः काढू शकत नाही. त्यासाठी दर सहा महिन्यांनी, वर्षाने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे लागते, आणि अंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला बोळा कानात घालण्याची सवय बहुतेकांना जन्मभर ठेवावी लागते.