विलो खानदेशच्या उन्हात जगत नाही, हा गैरसमज

विलो म्हणजे काश्मीरच्या थंडीतले, क्रिकेटच्या बॅटचे झाड. ते जळगाव-धुळ्याच्या उन्हात जगणार नाही, असे खानदेशात अनेक वर्षे सांगितले जाते. बॅटीसाठी वापरला जाणारा पांढरा विलो थंड हवामानातलाच आहे, एवढाच त्यात तथ्यांश. परंतु त्याच्याच गोत्रातली वाळुंज, म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा, भारताच्या उष्ण प्रदेशांतही नदी-ओढ्यांच्या काठी आपोआप वाढते; तिची खरी अडचण ऊन नसून मुळांशी पडणारा कोरडेपणा ही आहे. म्हणून तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठी, जेथे उन्हाळ्यातही जमिनीत ओल टिकते, तेथेच ती लावावी. कोरडवाहू कपाशीच्या बांधावर ती वाळणारच. पावसाळ्याच्या तोंडावर हातभर लांबीच्या जून फांदीचा निम्म्याहून अधिक भाग ओल्या मातीत खोचला की तिला मुळे फुटतात, रोप विकत आणण्याची गरज सहसा पडत नाही. मुळांचे दाट जाळे काठाची माती धरून ठेवते, आणि पुरात मळईची जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यासाठी हाच फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. लवचिक फांद्यांच्या टोपल्याही विणता येतात. मुळे ओलीकडे धावतात, त्यामुळे विहिरीचे बांधकाम आणि जलवाहिनी यांपासून झाड दूर ठेवावे.