घरातील नळकाम व मोरीकाम : सोलापुरातील सवयी आणि निगा

घरात पाणी आणणारे नळ, कॉक, टाक्या आणि वापरलेले पाणी बाहेर नेणाऱ्या मोऱ्या, ट्रॅप (मोरीखालचा, वाकात पाणी धरून ठेवणारा तुकडा), चेंबर (मोऱ्यांचे पाणी गोळा होणारा झाकणाचा खड्डा) यांना मिळून आता सरसकट ‘प्लंबिंग’ म्हणतात. जुन्या घरांत त्याला नळकाम आणि मोरीकाम असे दोन वेगळे शब्द होते. हे काम वेळेआधी बिघडते ते बहुधा रोजच्या हाताळणीमुळे. सोलापुरात या हाताळणीला एक खास वळण आहे, कारण इथे नळाला रोज पाणी नसते. उजनी धरणातून शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने, भीमेवरील टाकळी बंधाऱ्यातून आणि हिप्परग्याच्या १८७१ मध्ये बांधलेल्या एकरूख तलावातून शहराला पाणी मिळते. तरी गेली कित्येक वर्षे ते दोन-तीन दिवसांआड, टंचाईत चार-पाच दिवसांआड सुटत आले आहे. नळ, टाकी आणि मोरी वापरण्याच्या इथल्या सवयी या खंडातूनच पडल्या. रोज पाणी येणाऱ्या शहरासाठी दिलेला सल्ला म्हणून इथे अर्धाच लागू पडतो.

पाणी सुटते तेव्हा

रात्री-अपरात्री पाणी येणाऱ्या भागांत तोटी उघडी ठेवून झोपण्याची रीत आहे. मधले दिवस पाइप रिकामा असतो, त्यात हवा भरलेली असते. पाणी सुटले की आधी नळ फुसफुसतो, मग खाकरल्यासारखा आवाज होतो, तांबूस पाण्याचे दोन-चार फटकारे बसतात आणि नंतर धार लागते. तेवढ्या आवाजाने घरातली बाई जागी होते आणि गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी अशी हाकाटी सुरू होते.

त्या फटकाऱ्यांत पाइपमधला गंज आणि गाळ असतो. टाकीकडे जाणारा कॉक तेव्हा उघडा असेल तर सगळा गाळ टाकीत बसतो, बॉल कॉकच्या (टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणाऱ्या कॉकच्या) वायसरखाली खडा अडकतो आणि टाकी भरली तरी पाणी थांबत नाही. वॉशिंग मशीनच्या जाळीचेही तेच होते. म्हणून घरातला सर्वांत खालचा, शक्यतो अंगणातला नळ तेवढा अर्धा उघडा ठेवावा, त्याखाली बादली लावावी, ती गढूळ बादली संडासासाठी वापरावी आणि धार स्वच्छ झाल्यावर टाकीचा कॉक हळूहळू उघडावा. कॉक झटक्याने उघडला-मिटला की धावते पाणी एकदम अडते आणि पाइपला हातोडीसारखा ठोका बसतो. भिंतीत ‘धाड्’ असा आवाज येतो तो हाच. जुन्या लोखंडी पाइपचे सांधे अशा ठोक्यांनीच ढिले होतात.

दुसरी सवय रबरी नळीची. तोटीला नळी, नळीचे दुसरे टोक पिंपाच्या तळाशी, आणि आपण दुसऱ्या कामाला. वरून पाणी बंद झाले की रस्त्याखालची वाहिनी उताराकडे रिकामी होऊ लागते आणि आपल्या नळातून ओढ लागते. नळीचे टोक पाण्यात बुडालेले असेल तर पिंपातले पाणी, त्यातल्या शेवाळासकट, उलटे वाहिनीत जाते. टोक पिंपाच्या काठाच्या वर चार बोटे बांधून ठेवले तर हे घडत नाही. हौदात पडणाऱ्या पाइपलाही हाच नियम: त्याचे तोंड भरलेल्या हौदाच्या पातळीच्या वरच असावे.

सर्वांत नुकसानकारक सवय म्हणजे नळालाच मोटार लावणे. दाब कमी, वेळ थोडा, शेजाऱ्याने लावली म्हणून आपणही. त्यामागची अगतिकता खरी आहे, पण परिणाम वाईट आहेत. मोटार वाहिनीतून पाणी शोषते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि ज्या सांध्यांतून एरवी पाणी बाहेर झिरपते, त्यांतूनच भोवतालची ओल आत ओढली जाते. सोलापूरच्या जुन्या पेठांत पाण्याची वाहिनी आणि गटार अनेक ठिकाणी हातभर अंतरावर आहेत. ती ओल कशाची असेल हे वेगळे सांगायला नको. शिवाय पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरते, सील तापून जळते आणि मोटार गळू लागते. पाणी आपल्या दाबाने जमिनीलगतच्या हौदात किंवा पिंपात पडू द्यावे आणि मोटार लावून वर चढवायचे ते तिथून. यात मोटारीचे, शेजाऱ्यांचे आणि पिण्याच्या पाण्याचे तिन्हींचे भले आहे.

नळाला बांधलेले फडकेही इथे घरोघर दिसते. खडे आणि गंज त्यात अडकतात, तेवढा उपयोग आहे. पण पाणी गेल्यावर ते तसेच चार दिवस ओले राहिले तर बुळबुळीत होते आणि पुढच्या वेळचे पाणी त्यातूनच गाळले जाते. पाणी भरून झाले की ते सोडून, धुऊन उन्हात टाकावे.

तोटीवरचा जोर

पिळाच्या जुन्या तोटीत पाणी अडवतो तो तळाचा वायसर. तोटी ठिबकू लागली की हात आपोआप आणखी जोराने पिळतो. वायसर चेपतो, फाटतो, मग पितळ पितळेवर घासून आतली बैठक झिजते. काही रुपयांच्या वायसरचे काम अशा रीतीने नव्या तोटीवर जाते. पाव फेरीत बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी चिनी मातीच्या चकत्या असतात. त्यांत जोराचा काहीच उपयोग नाही, उलट दांडा तुटतो.

ठिबकण्याचा हिशेब सोलापूरच्या मापाने करून पाहावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते चार लिटरांच्या वर जाते. पाणी चार दिवसांआड येत असेल तर दोन पाळ्यांच्या मध्ये एक घागर भरून पाणी मोरीत गेले.

तोटीला भरलेली बादली अडकवणे, शॉवरच्या दांड्यावर ओल्या सोलापुरी चादरी टाकणे, नळी घट्ट बसावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळणे, हे सगळे वजन आणि ताण भिंतीतल्या एका सांध्यावर येतात. पंधरा लिटरच्या बादलीचे वजन पंधरा किलोच्या वर. सीपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपच्या सांध्यात पितळी आटे नसतील तर प्लॅस्टिकचे आटे उभे तडकतात आणि ओल बाहेर दिसायला महिने लागतात, बहुतेकदा पलीकडच्या खोलीच्या रंगाला फुगे आल्यावर. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळलेली तोटी हाताने बसवून पान्याने थोडीच आवळावी लागते. सांध्यावर सुतळी आणि सफेदा लावून आवळायच्या काळात लोखंडी पाइपवर कमावलेला जोर प्लॅस्टिकला सोसत नाही.

क्षार

नळाचे पाणी पुरत नाही म्हणून सोलापूरच्या घरांत बोअर आली. काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. घरच्या बोअरची एकदा तपासणी करून घेतली तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पाणी तापले की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेट होऊन चिकटतो. म्हणून पांढरा थर सगळ्यांत आधी गिझरच्या कॉइलवर आणि गरम पाण्याच्या नळावर धरतो. गिझर शेवटच्या आकड्यावर ठेवण्याऐवजी ५० ते ५५ अंशांवर ठेवावा; थर हळू धरतो आणि वीजही वाचते. गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थेंब येतात म्हणून त्याला बूच मारणे हा जिवाशी खेळ आहे. वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडायचा असतो.

शॉवर आणि नळाच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की भोके मोकळी होतात. ती खिळ्याने टोकरू नये. नळाचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत घेण्याची सोयही टाळलेली बरी. टाक्या दोन असाव्यात, गिझर आणि स्वयंपाकघर नळाच्या टाकीवर, संडास आणि धुणीभांडी बोअरवर.

मोरी

पाणी जपून वापरणाऱ्या घराची मोरी लवकर तुंबते, ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही. दोन भांडी एका तांब्यात विसळायची शिस्त चांगली, पण पाइपमधला गाळ पुढे ढकलायला जो लोंढा लागतो तो अशा घरात कधी येतच नाही. त्यामुळे इथे मोरीत काय जाऊ द्यायचे नाही याचे महत्त्व दुप्पट आहे.

ज्वारीच्या पिठाची काटवट हे त्याचे चांगले उदाहरण. रोज भाकरी थापणाऱ्या घरात काटवटीच्या कडांना पीठ सुकून राहते. ती थेट सिंकमध्ये धुतली की पीठ ट्रॅपच्या वाकात बसते आणि वरून भांड्यांचे गरम पाणी पडले की त्याची उकड होते. कणकेचे तर चिकट लगदेच होतात. काटवट आधी कोरडीच उलथन्याने किंवा ओल्या हाताने निपटून घ्यावी. ती खरवड झाडाला, गाईला, कुठेही चालते.

त्या उकडीला तेल मिळते. शेंगदाण्याचे तेल थंडीतही सहसा गोठत नाही, त्यामुळे ते वाहून जाईल असे वाटते. पण तेलातली मेदाम्ले आणि जड पाण्यातला कॅल्शियम यांचा न विरघळणारा, मेणासारखा साबण बनतो. जड पाण्यात साबण लावल्यावर बादलीच्या कडेला जो करडा साका धरतो, तोच पाइपात आतून धरत जातो. रविवारच्या काळ्या मटणाची चरबी आणि डालडा तर निवले की थेट थिजतात. पातेले आणि कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसून मगच घासायला टाकावी. तळणीचे उरलेले तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्यावे.

शहराच्या पूर्व भागातल्या, विडी आणि यंत्रमागाचे काम करणाऱ्या घरांत कामाचा कचराही मोरीकडे जातो. विडीची पाने भिजवून कापताना पडलेली कातरण आणि तंबाखूची पूड, यंत्रमाग घरालगत असेल तर सुताचा तूस. भिजवलेल्या पानांचे पाणी गाळणीतून ओतावे. कातरण सिंकमध्ये पडली की ट्रॅपच्या वाकात आडवी बसते आणि तूस तिच्याभोवती गुंडाळत जातो. टॉवेल धुणाऱ्या मशीनच्या नळीला जुन्या पायमोज्याची पिशवी बांधली तर मुठीएवढा तूस तिथेच अडकतो. दगडाची पूड असलेली रांगोळी, भांडी घासायची राख आणि माती पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. अंगण धुण्याआधी रांगोळी झाडून घ्यावी. चहाचा चोथा, केस, निर्माल्य यांचे वेगळे सांगायला नको. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू (वेट वाइप्स) संडासात टाकले की गाठ थेट चेंबरमध्येच पडते.

तुंबल्यावर काय करू नये, हे जास्त महत्त्वाचे. बांबूची कामटी खुपसली की बोळा पुढे सरकतो आणि जिथे हात पोचत नाही अशा वाकात जाऊन बसतो. उकळते पाणी पीव्हीसी पाइपला मऊ करते आणि सांधे वाकतात. दुकानात मिळणारे ॲसिड लादी पांढरी करते, पण सिमेंटचे सांधे खाते, नळाचा मुलामा उडवते, लोखंडी पाइप आतून कुरतडते. ते ब्लीचिंग पावडरीवर पडले तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. आधी रबरी पंप पाच-सहा वेळा मारावा. नाही उतरले तर सिंकखाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढावी, आतला गोळा काढावा, वायसर पुसून वाटी परत बसवावी. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि घरातल्या प्रत्येकाला ते यायला हवे.

ऊन आणि बंद घर

उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान चाळिशीच्या वर जाते. गच्चीवरचे उघडे पीव्हीसी पाइप उन्हाने पांढुरके आणि ठिसूळ होतात आणि त्यांना बांधलेल्या दोरीवरच्या चादरीच्या ओझ्यानेही तडकतात. त्यांना पांढरा रंग द्यावा किंवा वर आच्छादन घालावे. हौद आणि गच्चीची टाकी वर्षातून दोनदा उपसून धुवावी, एकदा पावसाळ्यानंतर गढूळ पाणी थांबल्यावर.

मे महिन्यात गावाला गेलेले घर उघडले की दारातच गटाराचा वास येतो आणि न्हाणीत झुरळे असतात. यात पाइप फुटलेला नसतो. ट्रॅपच्या वाकात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम असते आणि तेच गटाराची हवा अडवते. महिनाभराच्या उकाड्यात ते उडून जाते. निघण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, तेलाच्या पातळ थराखाली पाणी टिकते. टाकीचा कॉक आणि मुख्य कॉक दोन्ही बंद करावेत. घरी कोणी नसताना पाणी सुटते आणि एखादी उघडी राहिलेली तोटी सबंध पाळी वाहत राहते.