एका बाकावरचे दोघे, एकाच यादीत

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या घराघरांत विचारलं जातं, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नंबर लागेल ना? प्रश्न गुणांचा वाटतो, पण मुळात तो जागांचा आहे.

पोर्तुगीज राजवटीत पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, १८५४ साली लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा. तिथलं शिक्षण पोर्तुगीजमधून. मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना पुढे शिकायचं तर बेळगाव, पुणे, मुंबई गाठावी लागे. झगडा असे तो पैशांशी आणि घर सोडण्याशी. सोबत आलेला गाववाला परक्या शहरात आधारच वाटे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झालं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या. ज्यांच्या घरात कुणी पाटी धरली नव्हती अशी मुलं शिकू लागली, हे त्या काळाचं सर्वांत मोठं काम. पण ती मुलं मोठी झाली तेव्हा डॉक्टर व्हायला गोमेकॉ आणि इंजिनियर व्हायला १९६७ साली निघालेलं फोंड्याजवळच्या फर्मागुडीचं महाविद्यालय, एवढीच दोन दारं होती. अभियांत्रिकीत पुढे खासगी महाविद्यालयं आली. वैद्यकीयचं दार मात्र कित्येक दशकं एकच राहिलं. आजच्या चढाओढीचं मूळ मला इथे दिसतं.

पुढे वैद्यकीय प्रवेश नीट या देशभरच्या एकाच परीक्षेवर होऊ लागले आणि सगळ्यांना वाटलं, आता सामना देशभरातल्या मुलांशी. तसं झालं नाही. शासकीय महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ टक्क्यांची यादी राज्याची. म्हणजे पेपर देशाचा, पण एकेका जागेसाठी पुढेमागे होणारी मुलं पेडणे, डिचोली, काणकोणचीच. त्यात भर पडली ती क्लासची. सत्तरीच्या मुलीने हायर सेकंडरी सुटल्यावर कदंबची बस पकडून शहरातल्या क्लासला जायचं, रात्री परतायचं आणि क्लासच्या दारातच राहणाऱ्या मुलाशी बरोबरी करायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

२०१६ साली फर्मागुडीलाच आयआयटीचे वर्ग भरू लागले. आयआयटीत स्थानिकांसाठी राखीव जागा नसतात. फोंड्याच्या मुलाला ती घराजवळ असूनही देशाच्या रांगेतूनच गाठावी लागते. गोमेकॉसाठी मात्र रहिवासी दाखला हवा. तो काढायला मामलेदार कचेरीत पुढेमागे उभे असलेले दोघे कालपर्यंत एकाच बाकावर बसत होते.