रेड रिव्हर गॉर्जला क्लाइंबिंगला जायचंय? व्हिसापासून वेव्हरपर्यंत लागणारे कागद

रेड रिव्हर गॉर्जमध्ये चढाई करण्यासाठी एक अर्ज, एक शुल्क, एक शिक्का असा प्रकारच नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडची ही वालुकाश्माची दरी नकाशावर सलग दिसते, पण तिच्या कड्यांचे मालक निरनिराळे आहेत. काही कडे सरकारी जंगलात, काही क्लाइंबर लोकांच्याच संस्थांनी विकत घेतलेल्या जमिनीवर, काही खासगी मालकांकडे. म्हणून ‘परवानगी लागते का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘हा कडा कोणाच्या सातबाऱ्यावर आहे?’ असं विचारा. मालक कळला की कागद कळतो.

भारतातून जाणाऱ्यासाठी मात्र त्याआधी एक लांबलचक रस्ता आहे. तिथल्या कड्यांचे कागद दहा मिनिटांत होतात, व्हिसाला महिने लागतात. गॉर्जचा उत्तम हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. हवा कोरडी, खडकाला पकड मस्त, आणि आपल्याकडे नेमकी दिवाळीची सुट्टी. पण मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कधी कधी कित्येक महिन्यांनंतरची मिळते. माझा हिशोब सोपा आहे: दिवाळीत चढायचं तर शिमग्याला फॉर्म भरायचा.

(तुम्ही आधीच अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असाल तर पुढचे दोन भाग सोडून थेट ‘कड्यांचे कागद’वर या. सिनसिनाटीहून गॉर्ज दोन-सव्वादोन तासांवर आहे, लेक्सिंग्टनहून तासाभरावर.)

व्हिसा

भारतीय पासपोर्टला अमेरिकेत व्हिसामाफी नाही. हौशी चढाईसाठी बी-१/बी-२ हा नेहमीचा पर्यटक व्हिसा पुरतो. ‘क्रीडा’ शब्द पाहून खेळाडूंच्या व्हिसाकडे वळू नका. तो स्पर्धा आणि मानधनाचा मामला आहे.

सुरुवात ऑनलाइन डीएस-१६० फॉर्मने. भरायला बसलात की पहिल्याच पानावर मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवा. थोडा वेळ हात थांबला तर पान बंद होतं, आणि क्रमांक नसेल तर पुन्हा श्रीगणेशा. मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, ती सगळी द्या. अमेरिकेत कुठे राहणार या रकान्यात बरेच जण अडखळतात, कारण बेत तंबूचा असतो. पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा किंवा तिथल्या मित्राचा पत्ता लिहावा. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला, चष्म्याशिवाय.

फॉर्म पाठवल्यावर बारकोड असलेलं पुष्टीपत्र येतं. तोच क्रमांक अपॉइंटमेंट घेताना द्यायचा. मध्येच दुरुस्ती म्हणून नवा डीएस-१६० भरलात आणि अपॉइंटमेंटवर जुनाच क्रमांक राहिला, तर दारावरून परत पाठवतात. अर्जशुल्क १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे, म्हणून पैसे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा बघूनच भरा.

मग दोन फेऱ्या. एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, एकदा वकिलातीत मुलाखत. मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आधीचा बी-१/बी-२ पूर्ण मुदतीचा असेल, तो संपून १२ महिने उलटले नसतील आणि तो मिळाला तेव्हा तुमचं वय १८ पूर्ण असेल, तर मुलाखत माफ होऊ शकते. बोलावलं तर मात्र जावंच लागतं.

आवश्यक कागद थोडेच: पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालणारा), डीएस-१६० चं पुष्टीपत्र, अपॉइंटमेंटचं पत्र, फोटो. बाकी फाईल आधाराला. ऑफिसचं रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट. निमंत्रणपत्र सक्तीचं नाही. माझ्या वेळी मी जाडजूड फाईल छातीशी धरून उभा होतो आणि अधिकाऱ्याने ती उघडायलाही सांगितली नाही. कायद्याचं गृहीतक असं की अर्जदार तिथेच राहायला चाललाय. तसं नाही हे पटवणं आपलं काम. म्हणून उत्तर छोटं आणि नेमकं हवं: ‘दोन आठवडे केंटकीत रॉक क्लाइंबिंग, अमुक तारखेला परत, सोमवारी ऑफिस.’ ग्रेड, बोल्ट आणि ओव्हरहँग काचेपलीकडच्या माणसाला सांगत बसू नका.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश पक्का असं नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. उतरल्यावर आय-९४ ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाची, नोंद ऑनलाइन काढून त्यावरची तारीख बघा. परतायचं ते त्या तारखेच्या आत. व्हिसावर छापलेली तारीख त्यासाठी धरायची नाही.

गाडी आणि विमा

गॉर्जमध्ये एसटीसारखं काही नाही. गाडी हवीच. आपल्या लायसनबरोबर आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, काढून घ्या. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा, शुल्क १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन सोबत नसेल तर आयडीपीला किंमत नाही. भाड्याची गाडी घेताना चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, आणि २५ वर्षांखालच्यांना बहुधा जादा आकार पडतो. चौघांत गाडी कोण घेणार हे यावरून ठरवा.

प्रवासविम्यात बहुतेक जण फसतात. साध्या पॉलिसीत ‘साहसी खेळ’ सहसा वगळलेले असतात. एजंट फोनवर ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतो. त्याला पॉलिसीतलं ते कलम दाखवायला सांगा. दोर लावून केलेली चढाई आणि डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च, हे दोन्ही लेखी हवेत. अमेरिकेत घोटा मोडला तर दवाखान्याचं बिल तिकिटापेक्षा मोठं येऊ शकतं.

कड्यांचे कागद

आता खरा विषय. आपल्याकडे मोहिमेला जाताना बेसिक-ॲडव्हान्स कोर्सची प्रमाणपत्रं जोडायची सवय असते. इथे ती कोणी मागत नाही. तुम्ही ५.६ ची सोपी चढाई करता की ५.१३ ची अवघड, याच्याशी मालकाला घेणंदेणं नाही. त्याला एकच हवं: पडलात, लागलं, तर जबाबदारी तुमची, असं तुमच्या सहीनिशी. या पत्राला वेव्हर म्हणतात. पात्रता म्हणजे १८ पूर्ण. त्याखालच्यांसाठी पालकांची सही. पुतण्याला घेऊन जाणार असाल तर काकाची सही चालेल असं धरू नका, त्याच्या आईबाबांकडून निघण्याआधीच ऑनलाइन करून घ्या.

पहिला मालक म्हणजे क्लाइंबरांची संस्था, रेड रिव्हर गॉर्ज क्लाइंबर्स कोअलिशन. २००४ मध्ये या मंडळींनी ली काउंटीत सुमारे ७५० एकर जमीन विकत घेतली, तीच पेंडरग्रास-मरे प्रिझर्व्ह. पुढे मिलर फोर्क आणि २०१७ मध्ये बाल्ड रॉक हे भागही घेतले. मदरलोडचा प्रसिद्ध कडा त्या शेवटच्या खरेदीत आला. खेळणाऱ्यांनी वर्गणी काढून मैदानच विकत घ्यावं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. इथे संस्थेच्या संकेतस्थळावर वेव्हर भरायचा.

या जमिनीखालचं तेल मात्र संस्थेचं नाही. पायवाटेला लागलात की झाडीत कुठेतरी लोखंडी पंप मान वरखाली करत असतो, कुईकुई आवाज येतो, हवेला कच्च्या तेलाचा वास असतो. ते रस्ते तेलवाल्यांच्या कामाचे आहेत. त्यांच्या टँकरला वळता येणार नाही अशी गाडी लावणं म्हणजे सगळ्यांच्याच प्रवेशावर संकट ओढवून घेणं.

दुसरी जागा म्युअर व्हॅली. एका दांपत्याने विकत घेऊन ही दरी क्लाइंबरांना खुली केली, रूट, म्हणजे कड्यावरच्या चढाईच्या वाटा, बांधायला हातभार लावला आणि २०१५ मध्ये ती ‘फ्रेंड्स ऑफ म्युअर व्हॅली’ या संस्थेला दान दिली. वेव्हर स्वतंत्र, गाडीमागे दिवसाचं पार्किंग शुल्क, कुत्री नेता येत नाहीत, रात्रीचा मुक्काम नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हीच जागा सुचवेन. सोपे रूट भरपूर आहेत आणि पाट्या नीट लावलेल्या आहेत.

तिसरी तऱ्हा रोडसाइड कड्याची, म्हणजे ग्रेनिंग फोर्क नेचर प्रिझर्व्हची. ही खासगी मालकी. लोकांनी नियम मोडले म्हणून मालकांनी मध्यंतरी काही वर्षं चढाई बंदच ठेवली होती. आता ऑनलाइन परमिट घेऊन जाता येतं, पण रोज ठरावीक लोकांनाच. शनिवार-रविवारचं परमिट आयत्या वेळी मिळेल ही आशा नको.

चौथा मालक सरकार, म्हणजे डॅनियल बून राष्ट्रीय वन. दिवसा चढायला वेगळा चढाई-परवाना लागत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात जंगलात तंबू टाकून राहणार असाल तर मात्र पास घ्यावा लागतो आणि तो गाडीत बाहेरून दिसेल असा लावावा लागतो. आसपासच्या पेट्रोल पंपांवर आणि दुकानांत मिळतो. कड्याच्या पायथ्यापासून १०० फुटांच्या आत तंबू किंवा शेकोटी चालत नाही. पावसात कोरड्या राहणाऱ्या त्या कपारींचा मोह होतो खरा, पण तिथेच सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा मिळाल्यात, आणि पांढऱ्या लवीचं गोल्डनरॉड नावाचं एक फुलझाड फक्त याच दरीतल्या कपारींत उगवतं. सरकारी कड्यांवर नवे बोल्ट, म्हणजे दोर अडकवायचे खिळे, मारायला वनखात्याची मंजुरी लागते, त्याचं कारणही हेच. अस्वलांमुळे खाणं उंच टांगून ठेवण्याचा नियम आहे. तंबूत चिवड्याची पिशवी उशाशी घेऊन झोपू नका.

हे सगळं मुक्कामाच्या आधी, वायफाय असताना करा. पहिल्या सकाळी आम्ही चौघे खडीच्या पार्किंगमध्ये उभे, हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) अंगावर, समोर फळ्यावर लिहिलेलं ‘वेव्हर सक्तीचा’, आणि चारही फोनवर नेटवर्कची एक काडी नाही. एकाने फोन हातात उंच धरून गाडीच्या टपावर चढूनही पाहिलं. शेवटी जवळच्या स्लेड गावाला परत गेलो आणि मिगेल्स पिझ्झाच्या बाकावर बसून, एल-एट नावाचा तिथला आल्याच्या चवीचा सोडा पीत सह्या केल्या. परत येईपर्यंत सावलीतल्या रूटखाली रांग लागली होती. तेव्हापासून वेव्हरचे, परमिटचे आणि विम्याचे स्क्रीनशॉट काढतो आणि एक छापील संच दोराच्या पिशवीत ठेवतो. अपघात झाला तर मदतीचा क्रमांक ९११; पण फोन कुठे लागतो ती जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवा.

क्लबची सहल नेणार असाल तर

हे पुण्या-मुंबईच्या क्लबांसाठी खास. मित्रांनी खर्च वाटून घेतला तर प्रश्न नाही. पण लीडर सहभागींकडून फी घेऊन तिथे दोर बांधणार असेल, तर ते व्यावसायिक मार्गदर्शन ठरतं. त्याला जमीनमालकाची वेगळी परवानगी लागते, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, हा दुसरा अडथळा. ‘आम्ही फक्त मानधन घेतो’ हा युक्तिवाद सह्याद्रीत ठेवून या. नवख्यांना घेऊन जायचंच असेल तर तिथला परवानाधारक गाइड ठरवा. त्याहून बरं म्हणजे आधी बदामीला दोन-तीन फेऱ्या मारा. बेसाल्टवर वाढलेल्या बोटांना वालुकाश्माची भाषा तिथे स्वस्तात शिकता येते.

सामान

७० मीटरचा दोर न्या; बऱ्याच रूटना ६० पुरतो, सगळ्यांना नाही. दोर, क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायचे पट्टे), हार्नेस चेक-इन सामानात. केबिन बॅगेतले कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) सुरक्षा तपासणीत बाहेर काढायला लावू शकतात. हाताला पकडीसाठी लावायची चॉकची पांढरी पावडर तर केबिनमध्ये नकोच. अमेरिकेकडे जाताना ३५० मिलिलिटरहून जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते. ती मूळ वेष्टनात, नावासकट ठेवा.

कस्टमच्या फॉर्मवर किंवा तोंडी खाद्यपदार्थ आणि मातीबद्दल विचारतात. लाडू-चकल्या आहेत तर ‘हो’ म्हणा, दाखवा, बहुतेक वेळा सोडतात. आणि ट्रेकचे बूट घरीच, तळव्याच्या खाचांतली वाळलेली सह्याद्रीची माती निघेपर्यंत, जुन्या दातांच्या ब्रशने घासून घ्या.