शॅम्पेनचे बुडबुडे कोणी शोधले नाहीत
उत्तर फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतातली फसफसणारी वाइन दोम पेरिन्यों या अंध संन्याशाने शोधून काढली, ही कथा आजही सर्रास सांगितली जाते. ती खरी नाही, आणि ते अंध असल्याचाही पुरावा नाही. 1668 ते 1715 या काळात ओव्हिलेर येथील मठाचे कोठार सांभाळणाऱ्या पेरिन्यों यांच्या लेखी बुडबुडे हा दोषच होता, कारण थंडीत थांबलेले किण्वन (साखरेचे मद्य होण्याची क्रिया) वसंतात बाटलीत पुन्हा सुरू झाले की बाटल्या फुटत. त्याआधीच, 1662 मध्ये, इंग्रज वैज्ञानिक क्रिस्तोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे साखर घालून वाइन फसफसती करण्याच्या रीतीचे वर्णन केले होते. कथेला बळ दिले ते त्याच मठातील ग्रोसार या माजी संन्याशाने, तेही 1821 मध्ये.

पेरिन्यों यांचे खरे श्रेय वेगळे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे: निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ घालणे आणि काळ्या द्राक्षांचा रस हलक्या दाबाने काढून, सालीचा रंग उतरू न देता, पांढरी वाइन करणे. आजही रेंसच्या डोंगरउतारांवर आणि दक्षिणेकडील कोत दे बार भागात पिनो न्वार आणि मार्नच्या खोऱ्यात मनिये ही काळी द्राक्षे, तर खडूमिश्रित जमिनीच्या कोत दे ब्लां भागात शार्दोने हे पांढरे द्राक्ष प्रामुख्याने पिकते. केवळ शार्दोनेची ती बहुधा ‘ब्लां द ब्लां’, केवळ काळ्या द्राक्षांची ती ‘ब्लां द न्वार’; आणि बाटलीवरचे ‘ब्रूत’ म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर.