गोठवलेल्या रक्तातील मेद आणि ‘स्थिर’ या शब्दाचा घोळ

आज घेतलेला नमुना काही दशकांनी तपासता यावा म्हणून सीरम किंवा प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) गोठवून ठेवण्याची रीत हृदयविकाराच्या दीर्घकालीन पाहण्यांबरोबर रुळली. पूर्वीचे अनेक साठे उणे २० अंश सेल्सिअसला ठेवलेले आहेत. मिठाचे पाणी पूर्ण गोठण्यास मात्र सुमारे उणे २१ अंश लागतात. त्यामुळे उणे २० ला नमुना दगडासारखा दिसला तरी त्यात थोडा दाट खारा द्रव उरतो आणि विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदपणे चालू राहते.

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड साठवणीत ‘स्थिर’ राहतात, असे सर्रास लिहिले जाते. या शब्दाने जितका घोळ घातला तितका तापमानानेही घातला नसावा. १९७० च्या दशकात रूढ झालेल्या विकराधारित चाचणीत एस्टररूपातील, म्हणजे मेदाम्लाशी जोडलेले कोलेस्टेरॉल आधी मोकळे करून मग सगळे एकत्र मोजतात. साहजिकच दोन्ही रूपांचे आपसातील प्रमाण बदलले तरी बेरीज तीच येते. ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले; त्याच्या बाबतीत तर चाचणी प्रत्यक्षात ग्लिसरॉल मोजते. साठवणीत रेणू फुटून मेदाम्ले सुटली, तरी मोकळे झालेले ग्लिसरॉल वेगळे वजा केले नसेल, तर आकडा जागचा हलत नाही. म्हणजे स्थिर राहतो तो चाचणीचा आकडा. मेद तसाच राहिला, याचा तो पुरावा नव्हे. त्यात नळीचे झाकण सैल असेल तर पाणी उडून नमुना दाट होतो, आणि झालेली घट त्याआड झाकलीही जाऊ शकते.

एलडीएल (‘वाईट’ म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल) अनेकदा १९७२ मधील सूत्राने, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ म्हणवले जाणारे) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) वजा करून काढतात, त्यामुळे या मोजमापांतील चुका त्यातही उतरतात. गोठवल्याने ट्रायग्लिसराइडने भरलेल्या मोठ्या लिपोप्रोटीन (रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या) कणांची रचनाही बिघडते. म्हणून अतिवेगवान अपकेंद्रणाने (प्रचंड वेगाने गरगर फिरवून) कण वेगळे करायचे असतील तर न गोठवलेला नमुनाच लागतो.

पुढे उणे ८० अंशांचे फ्रीजर आणि द्रवरूप नायट्रोजन आले, तसेच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागू नये म्हणून तो लहान नळ्यांत विभागून ठेवण्याची शिस्तही आली. एकेका मेदरेणूची स्वतंत्र मोजणी सुरू झाल्यावर बेरजेचा आडोसा उरला नाही. त्यात सर्वांत नाजूक ठरतात त्या उणे २० ला ठेवलेल्या लाल पेशी, कारण हिमोग्लोबिनमधील लोह बहु-असंतृप्त मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते.