आकडे काढणाऱ्यांना वाचा कधी फुटली?

सरकारी आकड्यांचा गैरवापर म्हटलं की आपल्याला आधी वाटतं आकडाच खोटा असणार. पण गंमत अशी की बऱ्याचदा आकडा खरा असतो, फक्त अर्धाच सांगितलेला असतो किंवा भलत्याच गोष्टीला चिकटवलेला असतो. मग ज्यांनी तो काढला त्यांनी काय करायचं, बोलायचं की गप्प बसायचं? अनेक वर्षं उत्तर सोपं होतं, गप्प बसायचं, कारण शेवटी ते सरकारी नोकर.

आणि कधी कधी तर गप्प बसूनही सुटका नव्हती. सोव्हिएत संघात जानेवारी 1937 मध्ये जनगणना झाली, लोकसंख्या भरली साधारण 16 कोटी 20 लाख, आणि सरकारची अपेक्षा होती 17 कोटींच्या पुढची. 1932-33 च्या दुष्काळात लाखो लोक मेले होते, ते कुठेतरी दिसणारच ना. स्टालिनच्या सरकारने अख्खी जनगणनाच रद्द केली आणि सांख्यिकी खात्याचे प्रमुख इव्हान क्राव्हाल यांना गोळ्या घातल्या. 1939 ला परत मोजलं तेव्हा आकडा बरोब्बर 17 कोटींच्या वर आला!

लेखी नियम यायला मात्र 1992 उजाडावं लागलं. पूर्व युरोपातली कम्युनिस्ट सरकारं नुकतीच पडली होती, तिथल्या आकड्यांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाने अधिकृत सांख्यिकीची मूलभूत तत्त्वं ठरवली, 1994 मध्ये ती जगासाठी स्वीकारली गेली आणि आमसभेचा शिक्का बसला थेट जानेवारी 2014 मध्ये. एकूण दहा तत्त्वं आहेत, त्यातलं आपल्या कामाचं चौथं: आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला किंवा गैरवापर झाला तर सांख्यिकी संस्थांना त्यावर बोलायचा हक्क आहे. नीट बघा, हक्क आहे, कर्तव्य नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, कारण हक्क वापरला नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही.

आणि वापरला तर काय होतं तेही बघा. अर्जेंटिनात 2007 पासून सरकारने सांख्यिकी संस्थेत हात घातला, कागदावरची महागाई बाजारातल्यापेक्षा खूपच कमी दिसायला लागली, आणि जे खासगी अर्थतज्ज्ञ स्वतःचे अंदाज छापत होते त्यांना 2011 मध्ये पाच-पाच लाख पेसोंचा दंड ठोकला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2013 मध्ये अधिकृत ठपका ठेवला, तो निघाला 2016 ला. ग्रीसमध्ये तर उलटंच, तिथल्या सांख्यिकी संस्थेचे प्रमुख आंद्रेआस जॉर्जिऊ यांनी 2009 ची सरकारी तूट जीडीपीच्या 15.4 टक्के दाखवली, युरोपियन संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने तो आकडा मान्य केला, तरी मायदेशात त्यांच्यावरच वर्षानुवर्षं खटले चालले. म्हणजे बरोबर मोजलं म्हणून कोर्टाच्या चकरा!

ब्रिटनने जरा वेगळी वाट धरली. 2007 च्या कायद्याने एक स्वतंत्र सांख्यिकी प्राधिकरण आलं, जे मंत्र्याला नाही तर संसदेला उत्तर देतं. सगळ्यात गाजलेलं प्रकरण ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन संघातून बाहेर पडायच्या 2016 च्या सार्वमताच्या प्रचारातल्या बसवरचं, 'आपण युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो'. आता हा आकडा हवेतून आलेला नव्हता, पण तो ब्रिटनला मिळणारी सूट वजा करायच्या आधीचा होता, आणि ती सूट पैसे पाठवायच्या आधीच कापली जायची, म्हणजे तेवढे पैसे कधी गेलेच नव्हते. सार्वमताच्या आधीच प्राधिकरणाने हे दिशाभूल करणारं आहे असं सांगितलं होतं, तरी सप्टेंबर 2017 मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी तोच आकडा परत काढला तेव्हा अध्यक्ष डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून हा अधिकृत आकडेवारीचा सरळसरळ दुरुपयोग आहे असं म्हटलं. जॉन्सन यांनी उलट त्यांनाच सुनावलं. प्राधिकरणाकडे दंड वगैरे काही नाही, हत्यार एवढंच, पत्र, पण ते सगळ्यांसमोर लिहिलेलं.

गैरवापर होण्याआधीच रोखायचा एक उपाय म्हणजे आकडे कुणाला आधी दाखवायचेच नाहीत. 1 जुलै 2017 पासून ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने मंत्र्यांना आगाऊ आकडे देणं बंद केलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांना रोजगाराचे आकडे आदल्या संध्याकाळी कळतात, पण जाहीर झाल्यावर तासभर सरकारी लोकांनी बोलायचं नाही असा 1985 पासूनचा नियम होता, आणि 1 जून 2018 ला ट्रम्प यांनी आकडे यायच्या तासभर आधीच त्यांच्याबद्दल सूचक ट्वीट करून टाकलं.

त्याच ट्रम्प यांनी 1 ऑगस्ट 2025 ला रोजगाराचा रिपोर्ट आला त्याच दिवशी कामगार सांख्यिकी ब्युरोच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढलं, कारण मे आणि जूनचे आकडे मिळून 2 लाख 58 हजारांनी खाली आणले होते, म्हणजे म्हणे घोटाळाच. खरं तर पहिला आकडा येतो तेव्हा सगळ्या कंपन्यांची उत्तरं आलेली नसतात, उरलेली पुढच्या दोन महिन्यांत येतात आणि आकडा हलतो. हे कारण दर महिन्याच्या त्या रिपोर्टमध्येच छापलेलं असतं.